सत्तेचाळीस पूर्णांक पासष्ट

विजय हजारे यांची कसोटी सरासरी ४७.६५ आहे. हा आकडा गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एका क्लबच्या सभागृहात माझ्या तोंडावर फेकण्यात आला. फेकणाऱ्याला त्याखेरीज हजाऱ्यांबद्दल दुसरं काहीही ठाऊक नव्हतं. त्याला त्याची लाज वाटत नव्हती, आणि मला राग त्याचाच आहे.

कार्यक्रम होता भारताचा सर्वकालीन कसोटी संघ निवडण्याचा. चाळीस-पन्नास माणसं, चहा, बटाटेवडे आणि प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स. झेरॉक्सवर तक्ता: भारतीय फलंदाज, सरासरीच्या उतरत्या क्रमाने, किमान वीस डाव. सलामीला गावस्कर ठरले, चौथ्या क्रमांकावर तेंडुलकर, तिथे कुणाचंच दुमत नव्हतं. पाचव्या जागेसाठी नावं आली तेव्हा मी उभा राहून हजाऱ्यांचं नाव सुचवलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, सत्तेचाळीस! पन्नासच्या वर किती जण आहेत बघा ना." सभागृह हसलं. पुढचं नाव घेतलं गेलं. मी खाली बसलो, आणि बसलो याची चीड अजून जात नाही. त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते आता लिहितो.

आधी त्या तक्त्याचंच बघू. त्यात विनोद कांबळी ५४.२० च्या सरासरीने तेंडुलकरच्या वर आहे. तेंडुलकर ५३.७८, गावस्कर ५१.१२. कांबळीचे डाव २१, म्हणून तो चाळणीतून आत आला. त्याने लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७ केल्या, त्याच्या गुणवत्तेबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण चौथ्या क्रमांकाचं मत घेताना एकानेही त्याचं नाव काढलं नाही. का नाही काढलं? कारण तिथे तुम्हाला ठाऊक होतं की १७ कसोटी आणि २०० कसोटी यांची सरासरी एका तराजूत घालायची नसते. तेंडुलकरच्या वेळी तुम्ही डोकं वापरलंत. पर्थच्या १९९२ च्या ११४ धावा तुम्हाला आठवल्या, चेन्नईच्या १९९९ च्या १३६ आठवल्या, आणि तक्ता बाजूला ठेवलात. हजाऱ्यांच्या वेळी डोकं बाजूला ठेवून तक्ता पुढे केलात. ज्याचा खेळ पाहिला त्याला न्याय आणि ज्याचा पाहिला नाही त्याला आकडा, असा हा दुटप्पी हिशेब आहे.

आणि त्याच तक्त्यात विजय मर्चंट नाहीत. दहा कसोटी, अठरा डाव, म्हणून चाळणीने त्यांना खाली टाकलं. प्रथम श्रेणीत दहा हजारांहून अधिक धावा केलेल्या जगातल्या फलंदाजांत ब्रॅडमननंतर सर्वांत मोठी सरासरी ज्या माणसाची आहे, ७१.६४, तो मुंबईकर मुंबईतल्या एका सभागृहाच्या यादीतसुद्धा येत नाही. त्यांनी १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याच्या निवडीकडे पाठ फिरवली होती, गांधीजी तुरुंगात होते म्हणून. मग महायुद्ध आलं, मग आजारपणाने १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा हुकला. पहिली कसोटी १९३३ मध्ये, शेवटची १९५१ मध्ये, आणि त्या शेवटच्या कसोटीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, दिल्लीला १५४ धावा. अठरा वर्षांत अठरा डाव. यात फलंदाजाचा दोष कुठे आहे ते मला दाखवा.

जगाचा तक्ता काढा, तिथेही हेच. वीस डावांची अट लावली की ॲडम व्होजेस ६१.८७ ने ब्रॅडमनच्या आसपास जाऊन बसतो. सोबर्स, हॉब्ज, हेडली सगळे त्याच्या खाली. ऑस्ट्रेलियातला कोणताही शहाणा माणूस व्होजेसला सोबर्सच्या वर बसवत नाही. व्हिक्टर ट्रम्परची सरासरी ३९.०४ आहे. शंभर वर्षं झाली तरी ऑस्ट्रेलियात त्याचं नाव आदराने घेतात, कारण १९०४ मध्ये मेलबर्नच्या ओल्या खेळपट्टीवर संघाच्या १२२ धावांत त्याच्या एकट्याच्या ७४ होत्या, हे तिथल्या वाचणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. त्यांनी आपला ट्रम्पर जपला. आपण आपल्या हजाऱ्यांच्या नावाने करंडक ठेवला, पन्नास षटकांच्या सामन्यांचा, आणि माणूस विसरलो. आजच्या मुलाला 'विजय हजारे' म्हटलं की स्पर्धा आठवते. सांगलीत १९१५ मध्ये जन्मलेला, बडोद्याकडून खेळलेला, भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारा कर्णधार आठवत नाही.

आता ॲडलेड. जानेवारी १९४८. इथे मी घाई करणार नाही.

संघ कसा गेला होता ते आधी लक्षात घ्या. मर्चंट नाहीत, मुश्ताक अली नाहीत, रुसी मोदी नाहीत. देशाची फाळणी नुकतीच झालेली. संघात निवड झालेला फजल महमूद पाकिस्तानचा झाला, आला नाही. समोर ऑस्ट्रेलिया, तोच संघ जो त्या वर्षी इंग्लंडमध्ये जाऊन एकही सामना न हरता परतला. ॲडलेडला त्यांनी आधी फलंदाजी करून ६७४ केल्या. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८. इतक्या धावांमागे धावून पाय गेलेला संघ फलंदाजीला उतरतो. हजारे ११६, दत्तू फडकर १२३, संघ ३८१. फॉलोऑन. म्हणजे पॅड सोडायची आणि पुन्हा बांधायची.

दुसऱ्या डावात शून्यावर दोन गडी बाद. लिंडवॉल नव्या चेंडूवर. लिंडवॉल पाय घसटत टाकायचा, आणि तेव्हाचा नोबॉलचा नियम मागच्या पायाचा होता. मागचा पाय रेषेच्या आत पडला की पुरे; घसटत घसटत पुढचा पाय कुठवर जातो आणि चेंडू कुठून सुटतो याचं कुणाला देणंघेणं नव्हतं. म्हणजे तो वेग बावीस यार्डांचा नव्हता, त्याहून कमी अंतरावरून येणारा होता. डोक्यावर हेल्मेट नाही, कापडी टोपी. मांडीला नावापुरता टॉवेल किंवा पातळ पॅड. आणि बंपर षटकात किती टाकायचे यावर बंधन नाही. ते बंधन १९९१ मध्ये आलं.

त्या डावात भारताच्या सहा जणांना भोपळाही फोडता आला नाही. लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले. त्याच डावात हजाऱ्यांनी १४५ केल्या. पुण्याचे हेमू अधिकारी ५१ वर उभे राहिले, बाकी सगळं पडत होतं. संघ २७७. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा हा पहिला भारतीय. त्यानंतर दुसरा भारतीय यायला १९७१ उजाडलं, आणि तो गावस्कर होता.

हे ११६ आणि १४५ तुमच्या ४७.६५ मध्ये मिसळून गेलेत. तिथे ते इतर कुठल्याही २६१ धावांइतकेच मोजले गेलेत.

मी हजाऱ्यांची तरफदारी करतोय म्हणून त्यांच्या बाजूने खोटं बोलणार नाही. त्यांची कसोटी शतकं सात. त्यातली चार ब्रेबर्न स्टेडियमवरची, आणि त्या काळचं ब्रेबर्न फलंदाजाला अंगाखांद्यावर खेळवायचं. त्या चारांतली तीन मी वजन करताना हलकी धरतो. चौथं नाही. फेब्रुवारी १९४९, वेस्ट इंडिजविरुद्ध शेवटची कसोटी, चौथ्या डावात ३६१ चं आव्हान. हजारे १२२, मोदी ८६. भारत ८ बाद ३५५ वर असताना वेळ संपल्याचं पंचांनी जाहीर केलं, विजय सहा धावांवर होता. चौथ्या डावातलं ते शतक आणि पाकिस्तानविरुद्ध त्याच मैदानावर केलेलं नाबाद १४६ यांना तक्ता सारखंच मोजतो, उलट नाबाद म्हणून १४६ ला जरा जास्तच. मी मोजत नाही. तुम्हीही मोजू नका.

मग या माणसाच्या मोठेपणाचा खरा पुरावा शोधायला शतकांबाहेर जावं लागतं. जून १९५२, लीड्स. कर्णधार हजारे. पहिल्या डावात त्यांनी ८९ केल्या, वीस वर्षांच्या विजय मांजरेकरने १३३, दोघांची २२२ ची भागी. दुसरा डाव सुरू झाला आणि चौदा चेंडूंत धावफलकावर शून्य धावा, चार बाद. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोघांचे त्रिफळे उडवले होते. लीड्स म्हणजे ट्रूमनचं घर, यॉर्कशायर, आणि सगळं मैदान हॅट्ट्रिकसाठी थांबलेलं. तो चेंडू खेळायला हजारे आले. खेळले. पुढे कोल्हापूरच्या फडकरांना साथीला घेऊन त्यांनी शंभरावर धावांची भागी केली. फडकर ६४, हजारे ५६, संघ १६५. सामना भारत सात गड्यांनी हरला.

ओव्हलवर त्याच दौऱ्यात ५ बाद ६ अशी अवस्था झाली. हो, पाच बाद सहा. संघ ९८ मध्ये संपला, त्यात हजारे ३८. हे ५६ आणि ३८ तक्त्याच्या लेखी नुसते दोन साधे आकडे आहेत. शून्यावर चार गेलेले असताना हॅट्ट्रिकच्या चेंडूला सरळ बॅट दाखवणारा माणूस त्या डावामुळे तक्त्यात मोठा ठरत नाही. ज्या हिशेबात असं होतं तो हिशेब मी मानत नाही.

ओली खेळपट्टी काय असते हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मुंबईत वाढलेल्या क्रिकेटरला ते कांगा लीग शिकवते. ऐन पावसाळ्यात, उघड्या मैदानात, न झाकलेल्या खेळपट्टीवर. मी एकोणीस वर्षांचा होतो, खालच्या डिव्हिजनला सलामीला जायचो. आझाद मैदानावरची एक सकाळ माझ्या हाडांत बसली आहे. रात्रभर पाऊस पडून सकाळी लख्ख ऊन आलेलं. माळ्याने गोलंदाजाच्या पळण्याच्या जागेवर भुसा टाकला होता, खेळपट्टीला हात लावलेला नव्हता. वरचा थर उन्हाने खपलीसारखा धरलेला, अंगठा दाबला की खाली मऊ चिखल. समोरचा गोलंदाज चाळिशीतला, पोट सुटलेला, वेग म्हणाल तर यष्टिरक्षक यष्टींना चिकटून उभा. त्याचा पहिला चेंडू गुड लेंग्थला पडला, खपली उडवली आणि माझ्या गळ्याशी आला. मी हनुवटी मागे घेतली. दुसरा त्याच टप्प्यावर पडला, हातभर अंतरावरसुद्धा नाही, आणि घोट्याशी सरपटत गेला. तिसरा पडून क्षणभर थांबला. माझी बॅट आधी गेली, चेंडू मागून आला. बॅटच्या तळाला चिखल लागत होता, चेंडूच्या शिवणीत गवत अडकत होतं. मैदानात गवत गुडघ्याएवढं, त्यामुळे बॅटला नीट लागलेला चेंडूही वीस पावलांवर थांबायचा.

मी सत्तर मिनिटांत अकरा धावा केल्या. शॉर्ट लेगला झेल देऊन परतलो तेव्हा आमचा कर्णधार, जो कधी कुणाचं कौतुक करत नसे, उठून उभा राहिला. स्कोअरबुकात अकराच लिहिले गेले.

तो गोलंदाज बँकेतला कारकून होता. आता त्याच खपलीवर त्याच्या जागी डेरेक अंडरवूड घाला, हेडली व्हेरिटी घाला, विल्फ्रेड ऱ्होड्स घाला. जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांनी १९२९ मध्ये मेलबर्नच्या तसल्याच खेळपट्टीवर ३३२ च्या पाठलागात १०५ ची सलामी दिली, आणि त्यात हॉब्जच्या धावा ४९ होत्या. ज्याने आयुष्यात एकदाही उसळी आणि सरपटी एकाच टप्प्यावरून पाहिलेली नाही, त्याने त्या ४९ ना अर्धशतकही नाही म्हणून हिणवू नये. हॉब्जची कसोटी सरासरी ५६.९४ अशा खेळपट्ट्यांवरची आहे. सामना सुरू झाला की खेळपट्टी देवाच्या हवाली, ही तेव्हाची रीत.

इथे ब्रॅडमनचं नाव निघणारच. ९९.९४. ५२ कसोटी, ८० डाव, ६,९९६ धावा. ओव्हलवर शेवटच्या डावात एरिक हॉलिसने दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळा उडवला नसता आणि चार धावा झाल्या असत्या तर सरासरी शंभर. ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे आणि हा आकडा तुलनेच्या वादात शेवटचा शब्द म्हणून टाकला जातो. ब्रॅडमन सर्वश्रेष्ठ होता हे मी मान्य करतो, विनाअट मान्य करतो. पण त्याच्या आकड्यालाही प्रश्न विचारायचे असतात, आणि ते सी. एल. आर. जेम्स यांनी विचारले. 'बियाँड अ बाउंडरी' या १९६३ च्या पुस्तकात त्यांनी ओल्या खेळपट्ट्यांवरचे डाव वेगळे काढले. ब्रॅडमनचे असे पंधरा डाव, पन्नाशी फक्त एकदा, सरासरी १६.६६. जॉर्ज हेडलीचे तेरा डाव, पन्नाशी सात वेळा, सरासरी ३९.८५. जमैकाचा हेडली, ज्याच्या खांद्यावर तिसाच्या दशकात वेस्ट इंडिजची सगळी फलंदाजी होती, जो बाद झाला की संघ बाद झाला असं समजायचे, तो चिखलात ब्रॅडमनच्या दुपटीहून जास्त होता.

ब्रॅडमनला हे स्वतःला पक्कं ठाऊक होतं. मेलबर्न, जानेवारी १९३७, ओली खेळपट्टी. कर्णधार म्हणून त्याने फलंदाजीचा क्रमच उलटा केला. ओरायली आणि फ्लीटवूड-स्मिथ हे शेपूट सलामीला धाडलं आणि स्वतः खेळपट्टी वाळेपर्यंत तंबूत थांबला. सातव्या क्रमांकावर येऊन २७० केल्या. याला मी पळपुटेपणा म्हणत नाही. ती अस्सल अक्कल होती, आपल्या मैदानी भाषेतला खडूसपणा होता, आणि त्याने सामना आणि ती मालिका फिरवली. पण त्या २७० कडे बघताना त्याआधी चिखलात ढकललेले दोन गोलंदाजही दिसले पाहिजेत. बॉडीलाइनच्या १९३२-३३ च्या मालिकेत लारवुड अंगावर मारू लागला तेव्हा ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ झाली. परिस्थिती बदलली की शंभराचे छप्पन्न होतात, ब्रॅडमनचेसुद्धा. मग हजाऱ्यांचे सत्तेचाळीस कोणत्या परिस्थितीतले हे विचारायला तुम्हाला काय जड जातं?

आता आपल्या घरातल्या देवाकडे येतो, कारण दुसऱ्याच्या देवाला प्रश्न विचारणं सोपं असतं. गावस्करांसाठी मी जीव टाकतो. पण "वेस्ट इंडिजच्या तोफखान्यापुढे तेरा शतकं" हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतोय आणि ते ज्या आळशीपणाने म्हटलं जातं त्याचा मला वीट आलाय. त्या तेरांपैकी चार १९७१ ची. तेव्हा हॉल आणि ग्रिफिथ संपले होते, आणि रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल यांच्यापैकी कुणीही आलेला नव्हता. आणखी चार १९७८-७९ ची, जेव्हा त्यांचे मुख्य खेळाडू पॅकरच्या बंडखोर मालिकेत गेले होते. त्या संघात सिल्व्हेस्टर क्लार्क होता, आणि क्लार्क भल्याभल्यांना नकोसा वाटे, हेही लिहितो, नाहीतर तोही अन्यायच. पण चौकडी नव्हती. खऱ्या चौकडीच्या घरात, १९८३ च्या दौऱ्यात, गावस्करांची सरासरी तीस होती.

यामुळे गावस्कर लहान होतात का? मुळीच नाही. ते कुठे मोठे आहेत ते नीट कळतं. ऑक्टोबर १९८३, कानपूर. मार्शलचा एक चेंडू असा उठला की गावस्करांच्या हातातली बॅट निसटून पडली. आम्ही दूरदर्शनवर पाहिलं आणि घरात कुणी बोललं नाही. आजवर कधी न पाहिलेली गोष्ट होती ती. चारेक दिवसांनी दिल्लीला पुढची कसोटी. चौतीस वर्षांचा माणूस, तेव्हाही हेल्मेट न घालणारा, त्याच मार्शलला हुक मारायला लागला. वर्षानुवर्षं पेटीत बंद ठेवलेला फटका. ९४ चेंडूंत शतक, १२१ धावा, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी. मला गावस्कर समजावून सांगायचे असतील तर मी कानपूर ते दिल्ली हे चार दिवस सांगेन. तेरा या आकड्याने ते चार दिवस झाकले जातात. म्हणून मला तो आकडा नको आहे, आणि तो नको असण्याचं कारण त्यांच्यावरचं प्रेम हेच आहे.

गुंडाप्पा विश्वनाथची सरासरी ४१.९३. जानेवारी १९७५, मद्रास. अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ बळी घेतले, भारत सर्वबाद १९०, विश्वनाथ नाबाद ९७. शतक नाही, म्हणून शतकांच्या रकान्यात नाही. तो सामना भारताने शंभर धावांनी जिंकला. ज्यांनी तो डाव पाहिला ते म्हातारे झाले तरी त्यातल्या स्क्वेअर कटबद्दल बोलताना उभे राहून मनगट फिरवून दाखवतात. त्या मनगटाला रकाना नाही.

पण आता या म्हाताऱ्यांनाही सोडणार नाही, आणि त्यांत मी वयाने बसतो. त्या सभागृहात माझ्याच शेजारी एक गृहस्थ होते, मी हजाऱ्यांचं नाव घेतल्यावर ते माझ्या बाजूने बोलले, आणि असं बोलले की मला ती बाजू नकोशी झाली. "आजची ही पोरं लिंडवॉलसमोर दोन षटकं टिकली नसती. सगळे हेल्मेटातले शूर." हा तितकाच खोटारडेपणा आहे. आजच्या फलंदाजाचं प्रत्येक वैगुण्य दहा कॅमेऱ्यांतून चिरून विरोधी संघासमोर ठेवलेलं असतं. पुढे पाय टाकून पॅडने फिरकी अडवायची सोय डीआरएसने संपवली. जुन्या काळी त्या पॅडवर अख्खे दिवस काढले गेले. १९३५ पर्यंत तर ऑफस्टंपबाहेर पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीतच देत नसत. तेव्हाचे आकडे त्या सवलतीसकट वाचावे लागतात. रिव्हर्स स्विंग हजाऱ्यांनी पाहिलेला नव्हता. जुन्याला मोठं करण्यासाठी नव्याच्या अंगावर थुंकणारा माणूस जुन्याचाही अपमान करतो, कारण त्यानेही स्कोअरबुक उघडलेलं नसतं. त्याच्याकडे आठवण असते, आणि बहुतेक वेळा तीही दुसऱ्याची.

दोन काळांतले फलंदाज शेजारी ठेवता येत नाहीत, असं म्हणून हात झटकणारे तिसऱ्या जातीचे लोक आहेत. तेही मला मान्य नाहीत. ठेवता येतात. कष्ट घ्यावे लागतात. त्या दिवशी खेळपट्टी कशी होती, समोर कोण होता, धावफलकावर काय होतं, नियम कोणता होता, त्याच्यानंतर फलंदाजीला कोण येणार होतं. एवढं विचारायला एक डाव घेऊन अर्धा तास बसावं लागतं. तक्ता छापायला एक मिनिट लागतं, म्हणून तक्ता छापतात.

एक जोडी मी ठेवून दाखवतो. ब्रिस्बेन, १९ जानेवारी २०२१. चेतेश्वर पुजारा, २११ चेंडू, ५६ धावा. कमिन्स आणि हेझलवुड यांचे चेंडू त्याने हेल्मेटवर घेतले, बोटांवर घेतले, बरगड्यांवर घेतले. बोटावर बसला तेव्हा बॅट टाकून तो खाली पडला, उठला, ग्लोव्ह काढून बोट चाचपलं आणि पुन्हा गार्ड घेतला. दुसऱ्या बाजूने गिल आणि पंत यांना मोकळं खेळता आलं ते त्याने हा मार झेलला म्हणून. भारताने ३२८ चा पाठलाग केला. पुजाराची कारकिर्दीची सरासरी ४३.६०, त्या झेरॉक्सवर हजाऱ्यांच्याही खाली.

आणि लीड्स, जून १९५२. हजारे, ५६ धावा, शून्यावर चार बाद असताना, हॅट्ट्रिकच्या चेंडूपासून सुरुवात. एक डाव जिंकलेल्या सामन्यातला, एक हरलेल्या. एकाला हेल्मेट, एकाला टोपी. एकाच्या पाठीमागे जगातला सर्वांत श्रीमंत क्रिकेट बोर्ड, एकाच्या पाठीमागे वीस वर्षांपूर्वी कसोटी खेळायला लागलेला आणि तोवर फक्त एक सामना जिंकलेला देश. तो एक सामनाही त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला, हजाऱ्यांच्याच नेतृत्वाखाली. मी हे दोन छप्पन्न कितीदा शेजारी ठेवून पाहिलेत, आणि मला त्यांत लहानमोठं करता येत नाही.

ते झेरॉक्स मी घरी आणलं आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ॲडलेड, लीड्स आणि ओव्हल यांचे धावफलक हाताने लिहून काढलेत, प्रत्येक फलंदाजाच्या नावासकट, सगळ्या शून्यांसकट. क्लबची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. पाचव्या क्रमांकावर माझं मत हजाऱ्यांना आहे, आणि या वेळी मी खाली बसणार नाही.